चित्र बदलण्याचा अधिकार

फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदराच्या शहरात १८८०च्या दशकात पिएर जाने हा तरुण शिक्षक तत्त्वज्ञान शिकवत असे आणि उरलेला वेळ तिथल्या रुग्णालयात मनाने आजारी असलेल्या माणसांसोबत घालवत असे. तिथे त्याला एकोणीस वर्षांची एक मुलगी भेटली. आपल्या लिखाणात त्याने तिला मारी म्हटलं आहे. तिला खेड्यातून आणलं होतं आणि तिचं वेड आता बरं होणार नाही असं सगळे धरून चालले होते. दर महिन्याला पाळीच्या सुमारास तिला हुडहुडी भरायची, झटके यायचे, भ्रमात ती रक्त आणि आग दिसते म्हणून किंचाळायची. डाव्या डोळ्याने तिला दिसत नव्हतं, आणि हे जन्मापासूनचं आहे असं ती स्वतःच सांगायची.

जानेने संमोहनात तिला लहानपणात नेलं तेव्हा एकेक प्रसंग वर आला. तेराव्या वर्षी पहिली पाळी आली तेव्हा शरमेने ती गुपचूप गार पाण्याच्या टबात जाऊन बसली होती. रक्त थांबलं, पण नंतर कित्येक दिवस ती कुडकुडत, बरळत पडून होती. सोळाव्या वर्षी एक म्हातारी जिन्यावरून कोसळून मेलेली तिने पाहिली होती. आणि सहाव्या वर्षी, ती रडत असताना, तिला एका मुलाशेजारी झोपायला लावलं होतं. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फोडांनी आणि खपल्यांनी भरलेली होती.

प्रसंग सापडले, पण जाने तिथे थांबला नाही. संमोहनातच त्याने तिला पुन्हा तेरा वर्षांची केलं आणि पटवलं की या वेळी काही विपरीत घडलं नाही, पाळी तीन दिवस नीट चालली. म्हातारी फक्त अडखळली, मेली नाही. शेजारी झोपलेल्या मुलाच्या तोंडावर फोड नाहीत, तो गोड आहे. पहिल्या प्रयत्नात मारीला हे अर्धवटच पटलं. दुसऱ्या वेळी तिने न घाबरता त्या कल्पनेतल्या मुलाला कुरवाळलं. त्यानंतर डाव्या डोळ्याने तिला दिसू लागलं आणि झटके थांबले. १८८९ साली छापलेल्या आपल्या प्रबंधात जानेने हे सारं नोंदवलं आहे. मनावरच्या आघातावर कल्पनाशक्तीने उपचार केल्याची इतकी तपशीलवार नोंद त्याआधीची माझ्या वाचनात नाही.

या हकिकतीने मला जितकं थक्क केलं तितकंच अस्वस्थही केलं. मारी बरी झाली, पण तिच्या मनातलं चित्र कसं बदलायचं हे ठरवलं जानेने. तिला विचारलं नाही, तिला कळूही दिलं नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत या उपचारपद्धतीत तंत्रं पुष्कळ बदलली, पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हा की चित्र बदलण्याचा अधिकार डॉक्टरकडून रुग्णाकडे आला. या प्रकरणात तोच प्रवास पाहायचा आहे.

आधी एक साधा प्रश्न. जे घडलं नाही ते मनात पाहून कुणी बरं कसं होईल?

ऑस्लो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१४ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अंधारी खोली कल्पायला सांगितली, मग ऊन पडलेलं आकाश कल्पायला सांगितलं, आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. कल्पनेतला उजेड प्रखर तर बाहुल्या आक्रसत होत्या, कल्पनेत अंधार असेल तर विस्फारत होत्या. समोर प्रकाशात काहीही फरक नव्हता. बाहुली आपल्या हुकमाने लहानमोठी करता येत नाही, त्यामुळे इथे कुणी नाटक करण्याचा प्रश्न नव्हता. शरीर कल्पनेला प्रतिसाद देतं.

२०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. ६८ निरोगी माणसांना एक विशिष्ट आवाज ऐकवला की विजेचा अप्रिय झटका द्यायचा, असं करून त्या आवाजाची भीती बसवली. मग तीन गट केले. एका गटाला तोच आवाज झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवला. दुसऱ्याला तो आवाज फक्त मनात आणायला सांगितला. तिसऱ्याला पावसाचा आणि पक्ष्यांचा आवाज कल्पायला सांगितला. खरा आवाज ऐकणाऱ्यांची भीती ओसरली, आणि तो नुसता कल्पणाऱ्यांचीही तितकीच ओसरली. मेंदूच्या चित्रणातही दोन्ही गटांत बरंच साम्य दिसलं. पाऊस आणि पक्षी कल्पणाऱ्यांची भीती मात्र तशीच राहिली. हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. मन रमवणं आणि मनात काम करणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोन्हींची गरज पुढे लागणार आहे.

शब्दांचं तसं नसतं. एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांनी २००५ साली दाखवलं की एखाद्या अप्रिय प्रसंगाचं वर्णन ऐकताना त्याचा नुसता अर्थ लक्षात घेतला तर जेवढी चिंता वाढते, त्याहून ती कितीतरी जास्त वाढते प्रसंग डोळ्यांपुढे आणला तर. आघात झालेल्या माणसाची व्यथा इथेच आहे. बलात्कारातून, अपघातातून, दंगलीतून वाचलेल्या बाईला नातेवाईक सांगत राहतात, ‘झालं ते झालं, आता तू सुरक्षित आहेस.’ तिलाही ते माहीत असतं. पण तिच्यापाशी जे आहे ते वाक्य नाही. ते एक चित्र आहे, एक वास आहे, दाराच्या कडीचा एक आवाज आहे. तो आला की काळीज धडधडतं, हातपाय गार पडतात, आणि ‘आता’ म्हणजे पुन्हा तीच रात्र होते. चित्राने केलेली जखम वाक्याने भरून येत नाही म्हणून चित्राच्या भाषेतच बोलावं लागतं.

आघाताने कल्पनाशक्तीचं नेमकं काय होतं, हे बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात पाहिलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या २१ जणांना त्याने रोर्शाकचे शाईचे डाग दाखवले. या डागांत एरवी कुणाला फुलपाखरू दिसतं, कुणाला नाचणारी माणसं, कुणाला मुखवटा. २१ पैकी १६ जणांना त्यात युद्धातला स्वतःचाच प्रसंग दिसला: फाटलेलं शरीर, मेलेला सोबती. उरलेल्या ५ जणांना काहीच दिसलं नाही. त्यांच्या लेखी तो निव्वळ शाईचा डाग होता. मला दुसरा गट जास्त चटका लावून जातो. पहिल्या गटाची कल्पनाशक्ती एकाच चित्रात अडकली होती, दुसऱ्याची पार विझली होती.

व्हॅन डर कोल्कनेच एका पाच वर्षांच्या मुलाची हकिकत सांगितली आहे. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये त्याने शाळेच्या खिडकीतून पहिलं विमान मनोऱ्यावर आदळताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने चित्र काढलं. विमान, ज्वाळा, खिडक्यांतून उड्या मारणारी माणसं. आणि खाली एक काळं वर्तुळ. ते काय, असं विचारल्यावर तो म्हणाला की ती ट्रॅम्पोलिन आहे, म्हणजे पुढच्या वेळी उडी मारणारी माणसं वाचतील. मुलाने काही नाकारलं नव्हतं, आग होती तशीच काढली होती. फक्त त्या भीषण चित्रात स्वतःच्या हाताने एका गोष्टीची भर घातली होती.

हे ज्यांना आपण होऊन जमत नाही, त्यांना ते शिकवता येईल का? या प्रश्नावर आयुष्य वेचणारी एक बाई म्हणजे जर्मनीच्या लुईझे रेडेमान. १९८५ ते २००३ या काळात त्या बीलेफेल्ड शहरातल्या एका रुग्णालयात मनोदैहिक आजारांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रियांवर लहानपणी वर्षानुवर्षं अत्याचार झाले होते, बहुधा घरातल्याच माणसांकडून. त्या काळी चालणाऱ्या मनोविश्लेषणाच्या पद्धतीत रुग्णाने सगळं आठवावं, सगळं बोलावं अशी अपेक्षा असे. रेडेमान यांना दिसत होतं की काही रुग्ण याने बऱ्या होण्याऐवजी ढासळतात. आठवण सांगता सांगता त्या पुन्हा तिथेच जाऊन अडकत, स्वतःला इजा करून घेत. तेव्हा रेडेमान यांनी क्रम बदलला. आधी पायाखाली जमीन, मग भूतकाळ. त्यांनी विकसित केलेल्या या उपचाराला पीआयटीटी या आद्याक्षरांनी ओळखतात, आणि २००१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘कल्पनाशक्ती : एक बरं करणारी ताकद’ असा आहे.

त्यांच्या पद्धतीतला सगळ्यांत प्रसिद्ध सराव म्हणजे मनातली सुरक्षित जागा. ऐकायला अगदी सोपं वाटतं. डोळे मिटा (नको असतील तर उघडे ठेवा), आणि अशी एक जागा मनात उभी करा जिथे तुम्हाला कुणीही, काहीही करू शकत नाही. पण खरं कौशल्य तपशिलात आहे. जागा शक्यतो खरी नसावी, कारण खऱ्या जागेला खऱ्या आठवणी चिकटलेल्या असतात. ती समुद्राच्या तळाशी चालेल, दुसऱ्या ग्रहावर चालेल. तिला हद्द हवी, आणि आत कोण येणार हे फक्त तुम्ही ठरवणार. ओळखीच्या माणसांना तिथे आणू नये, अगदी प्रेमाच्या माणसांनाही, कारण माणूस आला की नात्यातलं सगळं बरोबर येतं. मग थेरपिस्ट एकेका इंद्रियाकडे नेतात: तिथे काय दिसतं, काय ऐकू येतं, हवा कशी आहे, अंगाला काही खुपतंय का. खुपत असेल तर बदला. ऊन जास्त असेल तर सावली आणा. सगळं मनाजोगतं झालं की एखादी छोटी हालचाल ठरवायची, जसं मूठ हळूच मिटणं, म्हणजे पुढे बसमध्ये किंवा ऑफिसात जीव घाबरा झाला तर त्या खुणेने ती जागा पटकन जवळ येईल.

‘खुपत असेल तर बदला’ या सूचनेत मला या पद्धतीचा प्राण दिसतो. जिच्या शरीरावर दुसऱ्याची सत्ता चालली, जिच्या ‘नको’ला कुणी किंमत दिली नाही, तिला इथे कुणीतरी विचारतं आहे की तुला हे असं हवं का, आणि ती नाही म्हणाली की जग खरोखर बदलतं. जग कल्पनेतलं असलं तरी ठरवण्याचा अनुभव खरा असतो.

काही रुग्णांना ‘सुरक्षित’ हा शब्दच पेलत नाही. सुरक्षित अशी जागा असते यावर त्यांचा विश्वासच नसतो. अशा वेळी रेडेमान तो शब्द बाजूला ठेवून ‘जरा बरं वाटेल अशी जागा’ एवढंच म्हणतात. आपल्याकडेही हे भान हवं. ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. ज्याच्यावर स्वतःचंच घर पडलं त्याला ‘घरात निवांत बसला आहात अशी कल्पना करा’ असं सांगणं किती निर्दय ठरेल! आणि जिला घरातच मार खावा लागला तिलाही. जागा कुठली, हे रुग्णानेच शोधायचं असतं.

दुसरा सराव आतल्या मदतनिसांचा. हे मदतनीस हयात, ओळखीचे नसावेत. परीकथेतली एखादी शहाणी म्हातारी, एखादा प्राणी, एखादी प्रकाशाची आकृती, काहीही चालतं. मराठी माणसाला इथे अडचण येऊ नये. कुणाच्या मनात कमरेवर हात ठेवलेला विठोबा उभा राहील, कुणाच्या मनात कधी न पाहिलेली पणजी, कुणाच्या मनात वाघीण. आपल्या घरांत मानसपूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समोर मूर्ती नाही, फुलं नाहीत, तरी डोळे मिटून पाय धुवायचे, गंध लावायचं, नैवेद्य दाखवायचा, आणि हे सगळं इतक्या निगुतीने की फुलाचा वास यावा. मानसपूजा हा काही आघातावरचा उपचार नव्हे. पण मनात चित्र उभं करून त्यात तपशिलाने राहण्याची ही सवय आपल्याकडे होती, आणि थेरपिस्टने रुग्णाच्या परंपरेतली ही शिदोरी वापरायला काहीच हरकत नाही. देवावर श्रद्धा नसलेल्या रुग्णावर मात्र देव लादू नये.

तिसरा सराव तिजोरीचा. भयंकर दृश्यं अवेळी येऊन कोसळतात तेव्हा त्यांची मनात एखादी चित्रफीत करायची, ती तिजोरीत ठेवायची, जाड दार लोटायचं, कुलूप लावायचं, आणि तिजोरी हवी तेवढ्या लांब नेऊन ठेवायची. यावर हमखास आक्षेप येतो की हे तर दडपणं झालं. तसं नाही. दडपलेली गोष्ट कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि ती केव्हा उसळेल हेही. तिजोरीतली गोष्ट आपण ठेवलेली असते, किल्ली आपल्यापाशी असते, आणि ती थेरपीच्या सत्रात, सोबतीला जाणतं माणूस असताना उघडायची हे ठरलेलं असतं.

मग तो दिवस येतो. तेव्हाही रेडेमान रुग्णाला सरळ त्या प्रसंगात ढकलत नाहीत. रुग्णाच्या आतले जे जे भाग तो प्रसंग भोगत होते, त्या सगळ्यांना आधी सुरक्षित जागेत मदतनिसांपाशी नेऊन बसवायचं. मागे उरतो तो फक्त पाहणारा. तो लांबून, एखादी नोंद वाचावी तसा, काय घडलं ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगतो. आणि शेवटी मोठी झालेली ती बाई त्या खोलीत जाते, तिथे एकट्या पडलेल्या लहान मुलीला उचलते आणि बाहेर घेऊन येते. प्रत्यक्षात त्या मुलीला उचलायला कुणी आलं नव्हतं, हे रुग्णाला पक्कं ठाऊक असतं. तरी उचलून आणल्यानंतर ती जे रडते ते आधीच्या रडण्यापेक्षा वेगळं असतं. आता रडण्यासाठी कुणाचा तरी खांदा आहे, आणि तो खांदा तिचा स्वतःचाच आहे.

नेदरलँड्समध्ये आर्नाउड आर्न्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेला वेगळ्या वाटेने आकार दिला. त्यांच्या पद्धतीत रुग्ण लहानपणीच्या प्रसंगाकडे जातो, पण सगळ्यात भयंकर क्षणाच्या आधीच चित्र थांबवलं जातं. तिथे मोठी व्यक्ती दृश्यात शिरते. सुरुवातीला थेरपिस्ट, पुढे रुग्ण स्वतः. अत्याचार करणाऱ्याला अडवते, हाकलते, पोलिसांच्या हवाली करते. मग त्या लहान मुलाला विचारलं जातं की आता तुला काय हवं आहे. कुणाला फक्त कुशीत बसायचं असतं. कुणाला आईस्क्रीम खायला जायचं असतं. कुणाला सूड हवा असतो, आणि कल्पनेत त्यालाही जागा दिली जाते, कारण वर्षानुवर्षं गिळलेला राग हा त्या मुलाचा हक्काचा राग असतो. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि नेदरलँड्स मिळून झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बालपणातल्या आघाताने आजारी असलेल्या १५५ प्रौढांना ही पद्धत किंवा डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर पद्धत, यांपैकी एक दिली. दीड तासाची बारा सत्रं, आठवड्यातून दोनदा. दोन्ही गटांना चांगला गुण आला, आणि उपचार अर्ध्यावर सोडणारे अवघे ७.७ टक्के होते. आघाताच्या उपचारांत माणसं मध्येच निघून जाणं ही नेहमीची डोकेदुखी आहे, त्यामुळे हा आकडा मला परिणामाच्या आकड्यांइतकाच बोलका वाटतो.

दुःस्वप्नांवरचं काम याहून साधं आणि म्हणून फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात बॅरी क्रॅको यांनी १६८ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. यातल्या जवळजवळ सगळ्याच बलात्कार किंवा अन्य लैंगिक अत्याचारातून गेलेल्या होत्या आणि वर्षानुवर्षं रात्री दचकून उठत होत्या. त्यांना अत्याचाराबद्दल काहीही सांगायला लावलं नाही. एक स्वप्न निवडा, ते तुम्हाला हवं तसं बदला, आणि बदललेलं स्वप्न रोज दिवसा काही मिनिटं मनात पाहा. कसं बदलायचं याचा नियम नाही. उपचाराची सत्रं अवघी तीन. ज्यांनी हा सराव केला त्यांची दुःस्वप्नं घटली, झोप सुधारली, आणि ६५ टक्के जणींच्या आघातोत्तर लक्षणांची तीव्रता किमान एका पायरीने उतरली. उपचाराची वाट पाहणाऱ्या गटात ६९ टक्के जणी होत्या तिथेच राहिल्या किंवा आणखी खालावल्या. सगळीकडे असंच यश आलं असं नाही. व्हिएतनाम युद्धातल्या १२४ माजी सैनिकांवरच्या २०१०च्या चाचणीत या पद्धतीने तुलनेच्या उपचारापेक्षा जास्त काही साधलं नाही. चाळीस वर्षं मुरलेलं युद्धाचं स्वप्न इतक्या सहज हलत नसावं.

आता या शस्त्राची दुसरी धार. जी कल्पनाशक्ती जखम भरते ती न घडलेली जखमही तयार करू शकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की लहानपणी घडू शकणारा, पण न घडलेला प्रसंग एकदा तपशिलाने कल्पायला लावला, तर तो खरोखर घडला असावा असं माणसाला वाटण्याची शक्यता वाढते. लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी हकिकत घरच्यांच्या नावाने सांगितल्यावर २४ पैकी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती ‘आठवू’ लागली. त्याच सुमारास अमेरिकेत काही थेरपिस्ट रुग्णांना संमोहनाने, औषधांनी, मार्गदर्शित कल्पनेने ‘दडपलेल्या’ अत्याचारांच्या आठवणी काढायला लावत होते. घरं फुटली, निरपराध माणसांवर कलंक लागले. कॅलिफोर्नियातल्या नापा इथे एका बापाने मुलीच्या थेरपिस्टांवर दावा लावला आणि १९९४ साली ज्यूरीने त्याच्या बाजूने सुमारे पाच लाख डॉलरची भरपाई दिली.

म्हणून एक रेघ ठाम ओढली पाहिजे. काय घडलं हे शोधण्यासाठी कल्पना वापरायची नाही. जे घडलं आहे आणि रुग्णाला आठवतं आहे, त्याच्याबरोबर जगता यावं यासाठी वापरायची. बदललेलं चित्र हे बदललेलं आहे, हे रुग्ण आणि थेरपिस्ट दोघांनाही प्रत्येक क्षणी माहीत असलं पाहिजे. मारीला ते माहीत नव्हतं. जानेच्या उपचारात मला खुपतं ते हेच. ज्या रुग्णाला न्यायालयात साक्ष द्यायची आहे त्याच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही, आणि गंमत म्हणजे त्यातला एक मोठा आवाज बीलेफेल्डमधलाच आहे. तिथल्या विद्यापीठातले फ्रांक न्यूनर यांनी २००८ साली प्रश्न विचारला की आठवणीला सामोरं जाण्याआधी रुग्णाला स्थिर करण्याची दीर्घ तयारी खरंच लागते का, की तो एक समज आहे? हे न्यूनर युगांडातल्या छावण्यांमध्ये सुदानी निर्वासितांवर उपचार केलेले. तिथे सुरक्षित जागा कल्पनेत महिनोन्‌महिने रंगवायला वेळ नव्हता. माणसांनी आपल्या आयुष्याची गोष्ट क्रमाने सांगितली, आघाताचे प्रसंगही सांगितले, आणि थोड्या सत्रांत त्यांना बरं वाटलं. न्यूनर यांचा इशारा रास्त आहे: तयारीच्या नावाखाली थेरपिस्ट स्वतःच त्या भयंकर आठवणीपासून पळत असेल, तर रुग्णाला कळतं की आपली गोष्ट ऐकवण्यासारखी नाही. आवाज कल्पणाऱ्यांची भीती गेली आणि पक्षी कल्पणाऱ्यांची गेली नाही, तो प्रयोग इथे आठवावा. सुरक्षित जागा म्हणजे पक्षी आणि पाऊस. तिथे विसावा मिळतो, पण मूळ काम तिथे होत नाही.

तरी माझं माप रेडेमान यांच्या बाजूला थोडं झुकतं. जी रुग्ण आठवण येताच भान हरपते, हात कापून घेते, तिला आधी परत येण्याची वाट माहीत हवी. मात्र ती वाट दाखवायला काही सत्रं पुरतात की काही महिने लागतात, हे तत्त्वाने न ठरवता समोरच्या माणसाकडे पाहून ठरवावं.

काहींना मनात चित्रच दिसत नाही. फ्रान्सिस गॉल्टनने १८८० सालीच लोकांना सकाळच्या नाश्त्याचं टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगून हे नोंदवलं होतं, आणि २०१५मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या ॲडम झेमन यांनी या अवस्थेला अफँटेझिया असं नाव दिलं. हा आजार नाही. अशा माणसाने ‘मला जमत नाही’ म्हणून खंतावू नये, आणि थेरपिस्टनेही रेटू नये. कुणाला जागेचा नुसता भास होतो, कुणाला हाताला लोकरीचा स्पर्श जाणवतो, कुणाला आवाज येतो. तेही पुरतं. काहीच जमलं नाही तर इतर उपचार आहेत.

हे वाचून कुणी आज रात्री एकट्याने आपल्या सगळ्यात वाईट आठवणीचं चित्र बदलायला बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरक्षित जागा, तिजोरी, बदललेलं साधं दुःस्वप्न, एवढं घरी करून पाहायला हरकत नाही. त्याने बेचैनी वाढली तर लगेच थांबावं, डोळे उघडावेत, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत. आघाताच्या मूळ प्रसंगाशी काम मात्र प्रशिक्षित माणसासोबतच करावं. थेरपिस्टकडे गेल्यावर विचारावं: तुमचं प्रशिक्षण कुठलं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आघातावर काम केलं आहे का, आणि मी मध्येच थांबा म्हटलं तर थांबाल का. शेवटच्या प्रश्नाला जो कपाळाला आठ्या घालेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि लहानपणी तुमच्यावर अत्याचार झाला असणारच, फक्त तुम्हाला आठवत नाही, असं जो तुमच्याआधी ठरवून मोकळा होईल त्याच्याकडे तर नकोच.

जवळपास असं कुणी नसेल, किंवा रात्री-अपरात्री जीव असह्य झाला असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.